एकाच डोंगरावर दोन ऑपरेटर: फ्रिक्वेन्सीचा वाद कसा मिटवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: "जुन्नर तालुक्यात आमचं छोटं वायरलेस ब्रॉडबँड आहे, क वर्गाचं लायसन्स. डोंगरावरच्या टॉवरवर पाच गिगाहर्ट्झचे चार सेक्टर (एकेका दिशेला तोंड केलेले रेडिओ-अँटेना) आहेत, खाली सात गावं. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ऑपरेटरने आमच्यापासून वीस मीटरवर मस्ट (अँटेनाचा खांब) उभा केला. तेव्हापासून दिवसा ठीक चालतं, पण संध्याकाळी सातनंतर चाळीस एमबीपीएसचा प्लॅन सहावर येतो. रेडिओची ताकद वाढवू, की तक्रार करू? केली तर कुठे?"

ताकद वाढवू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण ग्राहकांचे फोन सुरू झाले की हात पहिल्यांदा तिकडेच जातो. मी चौदा वर्षं याच पट्ट्यात टॉवर चढतोय आणि एकेकाळी मीही तेच केलं होतं. मी तीन डीबी (म्हणजे ताकद दुप्पट) वाढवले, समोरच्याने चार. महिन्याभरात दोघांचेही ग्राहक केबलवाल्याकडे जायला लागले.

तक्रारीचं बोलू. आपण वापरतो तो पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे. २००७ च्या नियमांनी उघड्यावर वापरायला फक्त ५८२५ ते ५८७५, म्हणजे जेमतेम ५० मेगाहर्ट्झ दिले होते. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असं मिळून ६०५ मेगाहर्ट्झ मोकळं झालं. त्या सवलतीला अट मात्र आहे: तुम्ही इतरांना त्रास द्यायचा नाही, तुम्हाला त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही, आणि पट्टा सगळ्यांचा सामाईक. तुमचं आयएसपी लायसन्स इंटरनेट विकायची परवानगी देतं. हवेतल्या एकाही चॅनलवर ते तुमचं नाव लावत नाही. "मी आधी आलो" याला इथे काही किंमत नाही. सातबारा नसलेल्या गायरानासारखं हे आहे.

तक्रारीला अर्थ आहे तो समोरचा नियमाबाहेर गेला तर. तो ५३५० ते ५४७० च्या मधल्या जागेत शिरला असेल, ५८७५ च्या वर गेला असेल, किंवा नेमून दिलेल्या कमाल ताकदीपेक्षा जास्त सोडत असेल, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (फ्रिक्वेन्सीचं नियोजन पाहणाऱ्या) शाखेकडे जा. हवेवर देखरेख ठेवणारी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन त्यासाठीच आहे. तो नियमात बसून तुमच्याच चॅनलवर बसला असेल, तर तुमचं ऐकून घेणारं कार्यालय नाही. समोरच्या माणसाशीच बोलावं लागेल.

अमेरिकेत ३६५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक मधली वाट काढली होती. लायसन्स कुणालाही मिळायचं, पण एकट्याच्या हक्काचं नसायचं. प्रत्येक टॉवर नोंदवावा लागायचा आणि एकमेकांच्या आड येणाऱ्यांनी आपसात जुळवून घ्यावं, ही जबाबदारी नियमानेच टाकली होती. आपल्याकडे पाच गिगाहर्ट्झला तशी नोंदवही नाही. ती आपणच ठेवायची, आणि या उत्तराचा मोठा भाग त्याच वहीबद्दल आहे.

आधी आकडे. प्रत्यक्षात काय बिघडतंय हे समजलं, की बोलणं सोपं जातं.

तुमचा एखादा ग्राहक पाच किलोमीटरवर आहे. त्याच्या डिशमधून ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉट एवढी एकूण ताकद तुमच्या दिशेने निघते असं धरू. ५८०० मेगाहर्ट्झवर पाच किलोमीटरला १२२ डीबी घटतात. तुमच्या सेक्टरचा गेन (समोरच्या दिशेला मिळणारी वाढ) १७. म्हणजे त्याचा आवाज तुमच्या रेडिओत साधारण उणे ६९ डीबीएमला पोचतो (उणे आकडा जितका मोठा, तितका आवाज मंद). आता वीस मीटरवरचा शेजारी. त्याचा सेक्टर तुमच्या सेक्टरला पाठ करून आहे, रेडिओची ताकद १९ डीबीएम, दोन्ही अँटेनांची पाठीमागची गळती प्रत्येकी उणे ८ धरली आणि वीस मीटरची घट ७४, तर तो तुमच्या रेडिओत उणे ७१ ला ऐकू येतो. पाच किलोमीटरवरचा तुमचा ग्राहक आणि पाठ फिरवून उभा असलेला शेजारी यांच्यात उरले फक्त दोन डीबी. वरचं मॉड्युलेशन, म्हणजे जास्त वेगाचं बोलणं, धरून ठेवायला पंचवीस-तीस डीबी लागतात. एकच चॅनल असेल तर लिंक तळाला जाणारच.

हाच शेजारी पलीकडच्या चॅनलवर सरकला, तर फिल्टरने तीसेक डीबी कापले जातात. तो उणे १०१ वर जातो. वीस मेगाहर्ट्झच्या चॅनलवर निसर्गाचा आणि रेडिओचा स्वतःचा मिळून गोंगाट उणे ९५ च्या आसपास असतो, म्हणजे शेजारी त्याखाली दबला. त्याने कुठलाही त्याग केलेला नाही, तुम्हीही नाही. एका चॅनलच्या सरकण्याने दोघांचा धंदा वाचतो. आता तुम्ही ताकद सहा डीबीने वाढवली असती तर? ग्राहकाकडून येणारा आवाज उणे ६९ चाच राहिला असता, कारण ताकद तुमच्या टॉवरची वाढली, त्याच्या डिशची नाही. शेजाऱ्याच्या कानात मात्र तुम्ही सहा डीबीने जास्त ओरडला असता.

संध्याकाळीच का बिघडतं, याचं उत्तर सोपं आहे. रिकामा सेक्टर फार थोडा वेळ बोलतो. लोक घरी येऊन मोबाईल-टीव्ही लावतात तेव्हा शेजाऱ्याचा सेक्टर सतत बोलायला लागतो. म्हणून दुपारी तीनला केलेला स्कॅन (कोणत्या चॅनलवर किती आवाज आहे याची पाहणी) फसवतो. स्कॅन रात्री आठ ते दहामध्ये करा, आणि तोही दोन ठिकाणांहून: टॉवरवरून आणि रडणाऱ्या ग्राहकाच्या छतावरून. दोन्हीकडे चित्र वेगळं दिसतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

आता ऑन-ऑफ चाचणी. माझ्या अनुभवात याहून उपयोगी काम दुसरं नाही. माझं आणि माझ्या शेजाऱ्याचं भांडण टोकाला गेलं होतं, तेव्हा एका ज्येष्ठ केबल व्यावसायिकाने आम्हाला एकत्र बसवलं. ठरलं असं की रात्री दोन ते चार या वेळात दोघांनी डोंगरावर जायचं. मार्च महिना, वारा मोठा. देवळाच्या ओट्यावर दोन लॅपटॉप, मध्ये एक वही. त्याचा एक सेक्टर पाच मिनिटं बंद. मी माझ्या चारही सेक्टरवरचा नॉइज, म्हणजे गोंगाट, लिहायचा. मग तो चालू, पुढचा बंद. त्याचे संपले की माझे. दुसऱ्या पानावर पोचलो तेव्हा तो म्हणाला, "शेठ, माझे सगळे बंद आहेत आत्ता. तुमच्या पूर्वेच्या सेक्टरला अजून उणे ७४ दिसतंय." आणि खरंच दिसत होतं. दीड वर्षापूर्वी बंद झालेल्या एका पोल्ट्रीच्या छतावर आमचीच जुनी लिंक चालू राहिली होती. समोरचं टोक उतरवलं होतं, हे टोक तसंच. शेड रिकामी, मीटर चालू, रेडिओ जोडीदाराला हाका मारत बसलेला. पूर्व बाजूचा सगळा दोष मी सहा महिने शेजाऱ्यावर ढकलत होतो.

त्या रात्रीच्या वहीत कोणाचा कोणता सेक्टर कोणाला किती लागतो, याचा तक्ताच तयार झाला. चौसष्ट आकड्यांपैकी खऱ्या अडचणीचे निघाले पाच. भांडण मात्र सगळ्या चौसष्टांवर चाललं होतं.

तुमच्या शेजाऱ्याला फोन कराल तेव्हा "तुमच्यामुळे आमचं बंद पडलं" असं सुरू करू नका. "आपल्या दोघांचा संध्याकाळचा नॉइज मोजूया का, माझा स्कॅन मी पाठवतो" असं म्हणा आणि स्कॅन खरोखर आधी पाठवा. त्यालाही त्रास होतोय. वीस मीटरचं अंतर दोन्ही बाजूंनी सारखंच असतं.

पुष्कळ ऑपरेटर माहिती द्यायला घाबरतात, की समोरचा ग्राहक पळवेल. पण ग्राहकांची यादी कोणी मागतच नाही. लागते ती एवढीच माहिती: टॉवरचे अक्षांश-रेखांश, सेक्टरची दिशा अंशांत, जमिनीपासून उंची, टिल्ट (अँटेना खाली किती झुकली आहे), चॅनलचा मध्य आणि रुंदी, रेडिओची बनावट, फ्रेमची (बोलण्या-ऐकण्याच्या एका फेरीची) सेटिंग, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. यातलं निम्मं तर डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून डोळ्यांनी दिसतं.

मग चॅनलची रुंदी. मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. ५७२५ ते ५८७५ मध्ये वीस मेगाहर्ट्झचे सात चॅनल बसतात. कोणीतरी ऐंशीचा चॅनल लावतो आणि एका सेक्टरने निम्म्याहून जास्त पट्टा खातो. त्याचा स्वतःचा फायदाही कमीच होतो: तीच ताकद चौपट जागेत पसरते, गोंगाट सहा डीबीने वाढतो आणि लांबचे ग्राहक खालच्या मॉड्युलेशनवर उतरतात. दोन ऑपरेटर असलेल्या डोंगरावर ग्राहकांच्या सेक्टरसाठी वीस, फार तर चाळीस, यापुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. चार सेक्टरना चार वेगळे चॅनलही लागत नाहीत. समोरासमोरच्या दिशांना एकच चॅनल, म्हणजे उत्तर-दक्षिण एक, पूर्व-पश्चिम दुसरा. पण त्यासाठी सिंक हवा.

सिंक म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी. आपले रेडिओ एकाच चॅनलवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. शेजाऱ्याचा रेडिओ बोलत असताना तुमचा लांबच्या ग्राहकाचं ऐकत असेल, तर वरचं दोन डीबीचं संकट येतं. दोघांनी एकाच वेळी बोलायचं आणि एकाच वेळी ऐकायचं ठरवलं, तर टॉवरवरचे रेडिओ एकमेकांच्या कानात ओरडत नाहीत. जीपीएस हे दोघांचं सामाईक घड्याळ. पण दोघांकडे जीपीएस आहे म्हणजे सिंक झाला, असं समजू नका. फ्रेमची लांबी तीच हवी, बोलण्या-ऐकण्याचं प्रमाण तेच हवं आणि कमाल अंतराची सेटिंगही जुळायला हवी. पाच मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये तुम्ही ७५-२५ ठेवलं आणि त्याने ५०-५०, तर प्रत्येक फ्रेममध्ये सव्वा मिलिसेकंद तुम्ही बोलताय आणि तो ऐकतोय. पाळी ठरली, पण चारी फुटलेली.

या प्रमाणावरूनच खरी घासाघीस होते. ज्याचे ग्राहक घरगुती, त्याला डाउनलोड जास्त हवं. ज्याच्याकडे द्राक्षबागांचे आणि गोदामांचे कॅमेरे आहेत, त्याला अपलोड हवं. आम्ही बऱ्याच वादानंतर ६५-३५ च्या जवळ आलो, आणि कॅमेऱ्यांची मोठी गिऱ्हाइकं त्याने वेगळ्या चॅनलवरच्या वेगळ्या सेक्टरवर घेतली. बनावट वेगळी असेल तर दोन्ही कंपन्यांच्या फ्रेमची गणितं शेजारी ठेवून तपासा. जुळत नसेल तर सिंकचा नाद सोडा आणि चॅनल वेगळे करा.

एक मर्यादा सांगतो, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. सिंकमुळे टॉवर-टॉवरमधला त्रास जातो. खालच्या गावातल्या ग्राहकाची डिश मात्र डोंगराकडे पाहते, आणि तिला वीस मीटरवर उभे असलेले दोन्ही मस्ट एकाच जागी दिसतात. तुम्ही दोघं एकाच दिशेला, एकाच चॅनलवर बोललात तर सिंक असो वा नसो, त्या डिशला दोघंही सारखेच ऐकू येणार. एकाच गावाकडे तोंड असेल तर चॅनल वेगळाच लागतो. पाठीला पाठ असेल, तर सेक्टरच्या पुढच्या-मागच्या बाजूतला पंचवीसेक डीबीचा फरक ग्राहकाला वाचवतो.

टिल्टकडे कोणी बघत नाही, आणि डोंगराळ भागात अर्धा प्रश्न तिथेच असतो. तुमचा टॉवर गावापेक्षा दीडशे मीटर उंच आणि गाव तीन किलोमीटरवर असेल, तर अँटेना जवळजवळ तीन अंश खाली झुकायला हवी. शून्यावर ठेवली तर झोताचा मोठा भाग गावाच्या डोक्यावरून पुढच्या तालुक्यात जातो. "एवढ्या लांब काय पोचणार" असं वाटतं, पण अंतर दुप्पट झालं की घट फक्त सहा डीबीने वाढते. पाचऐवजी वीस किलोमीटर म्हणजे फक्त बारा डीबी जास्त. उंचावरून उंचावर सरळ दृष्टी असेल, तर वीस किलोमीटरवरचा अनोळखी ऑपरेटर तुमच्यामुळे त्रासतो आणि त्याला कधी कळतही नाही की हे कोण करतंय. पोरांना वर चढवाल तेव्हा फोनवरच्या लेव्हलने टिल्ट मोजून फोटो काढायला सांगा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. वाऱ्याने क्लॅम्प सरकतात.

दोन्ही टॉवरना खालून इंटरनेट पोचवणाऱ्या बॅकहॉल लिंक याच पट्ट्यात असतील, तर जमेल तेवढ्या फायबरवर हलवा. चोवीस तास भरलेली बॅकहॉल लिंक ही डोंगरावरची सगळ्यात बडबडी वस्तू असते. गावात फायबर पोचलं असेल तर भाडं महाग वाटलं तरी घ्या. त्यातून मोकळे होणारे चाळीस मेगाहर्ट्झ ग्राहकांना देता येतात.

सगळ्यांची नजर वरच्या १५० मेगाहर्ट्झवर असते आणि ५४७० ते ५७२५ रिकामं पडलेलं असतं, कारण तिथे रडार दिसलं तर चॅनल सोडण्याची डीएफएसची अट आहे आणि रेडिओ अधूनमधून उडी मारतो. तरीही ती जागा वापरा, पण ५६०० ते ५६५० सोडून. हवामानाची सी-बँड डॉप्लर रडारं याच पट्ट्यात चालतात. मुंबईत वेरावलीला असं रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं. वसई, पनवेल, कर्जतकडचे ऑपरेटर आणि घाटमाथ्यावरून पश्चिमेकडे तोंड केलेले सेक्टर यांनी ही ५० मेगाहर्ट्झ मनातूनच वगळावी. आपला एक रेडिओ रडारच्या चित्रात केंद्रापासून कडेपर्यंत खोटी रेघ ओढू शकतो, आणि त्याच चित्रावरून पावसाचे इशारे निघतात. डीएफएस टाळण्यासाठी रेडिओत दुसऱ्याच देशाचं नाव निवडणारे मला माहीत आहेत. हे करू नका, आणि शेजारी करत असेल तर त्याला स्पष्ट सांगा.

तुम्ही जुन्नरचे आहात म्हणून एक जास्तीची गोष्ट. खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण तुमच्या शेजारी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. ती साधारण १४५० मेगाहर्ट्झच्या खालचं आकाश ऐकते, त्यामुळे तुमचा पाच गिगाहर्ट्झचा चॅनल तिच्या आड येत नाही. पण बिनशिल्डची इथरनेट केबल आणि स्वस्तातले पॉवर अडॅप्टर शे-दोनशे मेगाहर्ट्झला गोंगाट करतात, आणि तो बरोबर तिच्या कानात जातो. शिल्डेड केबल, नीट अर्थिंग, बरे अडॅप्टर वापरा. त्याने वीज पडल्यावर रेडिओही कमी जळतात. तिच्याभोवतीच्या ३० किलोमीटरच्या संरक्षित क्षेत्रात नवीन टॉवर उभारण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या. ती मंडळी तांत्रिक बोलणं नीट समजून घेतात.

शेजाऱ्याशी जे ठरेल ते एका पानावर लिहा. आमच्या पानावर होतं ते सांगतो. कोणाचे कोणते चॅनल, कमाल रुंदी किती, फ्रेम आणि प्रमाण काय, ऑटो चॅनल (रेडिओने आपोआप चॅनल बदलणं) सगळीकडे बंद. चॅनल बदलायचा तर दोन दिवस आधी कळवायचं. आणीबाणीत बदलला तर त्याच रात्री मेसेज. दर सहा महिन्यांनी ऑन-ऑफ चाचणी. आणि चाळीस मेगाहर्ट्झ दोघांनीही रिकामे ठेवायचे, तिसरा आला तर त्याच्यासाठी. या शेवटच्या ओळीवर माझा शेजारी चिडला होता. दोन वर्षांनी तिसरा आला आणि पहिल्याच दिवशी त्याला पान दाखवता आलं. तो त्या चाळीसमध्ये बसला, आमचा नॉइज हललाही नाही.

एक गोष्ट त्या पानावर चुकूनही लिहू नका, बोलूही नका: कोणतं गाव कोणाचं आणि प्लॅनचा दर काय. गावं वाटून घेणं आणि दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये सरळ बसतं. चॅनल वाटा, गिऱ्हाइकासाठी मात्र झगडा.

समोरचा बोलायलाच तयार नसेल, तरी तुमच्या हातात बरंच उरतं. चॅनल वीसवर आणा, डीएफएसच्या रिकाम्या जागेत जा, टिल्ट दुरुस्त करा, सेक्टरच्या पाठीमागे आणि बाजूला शिल्ड लावा, मस्टवर दोनतीन मीटर वर-खाली सरकून बघा. आमच्या एका टॉवरवर फक्त सेक्टर तीन मीटर खाली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला घेतल्यावर नॉइज अकरा डीबीने उतरला. ते आकडे शेजाऱ्याला पाठवत राहा. माझ्या शेजाऱ्याने पहिल्या तीन मेसेजना उत्तर दिलं नव्हतं. चौथ्यात मी त्याच्याच दक्षिणेच्या सेक्टरचं मोजमाप पाठवलं, की माझा कोणता रेडिओ बंद केला तर त्याचा किती फायदा होईल. तासाभरात त्याचा फोन आला.